फॉरवर्ड पास १९१३चा नव्हे, १९०६चा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८साठी क्रिकेटला जागा मिळाली, ही बातमी घरोघर पोचली. त्याच निर्णयात फ्लॅग फुटबॉलचाही, म्हणजे अंगाला धक्का न लावता खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचाही, समावेश होता, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आपल्या रविवार पुरवणीने या खेळाचे मूळ शोधत अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या जुन्या हंगामांवर लेख छापला, याबद्दल मनापासून आभार. या विषयावर मराठीत इतक्या आस्थेने लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते, म्हणूनच त्यातल्या तीन चुका तशाच राहू नयेत असे वाटते. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणे, हा नोटर डेम विद्यापीठाने १९१३ साली शोधून काढला, असे लेखात म्हटले आहे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी खेळावर कायद्याने बंदी आणण्याची धमकी दिली होती, असे म्हटले आहे. आणि १९०६च्या नव्या नियमांनंतर मैदानावरचे मृत्यू थांबले, असेही म्हटले आहे. तिन्ही विधाने बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतात, पण एकही बरोबर नाही. शिवाय लेखाच्या शेवटी नवी मुंबईतल्या कॉलेजांनी क्रीडामहोत्सवात १९०६च्या नियमांनी प्रदर्शनीय सामना खेळवावा, अशी सूचना आहे. सूचना चांगली आहे, पण जशी लिहिली आहे तशी अमलात आणली तर एखाद्या मुलाची मान दुखावेल. पत्र लांबले आहे ते त्यासाठी.

आधी जुना खेळ कसा होता ते पाहू. मैदान ११० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद. क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की बरोबर ११० यार्ड होतात. क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठेचाळीस गुंठे. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला तीन प्रयत्न मिळत, प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणत, आणि त्या तीन डाउनमध्ये पाच यार्ड पुढे सरकायचे. वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने १८८२ साली हा नियम आला तो चांगल्या हेतूने, कारण त्याआधी एखादा संघ चेंडू अडवून तासभर बसू शकत असे. पण आकडा पाहा. तीन डाउनमध्ये पाच यार्ड म्हणजे एका डाउनला पाच फूट. पाच फूट मिळवायला ना वेग लागतो ना चकवा. सगळे वजन एका ठिकाणी गोळा करायचे आणि ढकलायचे, एवढे पुरते. पुढे चेंडू फेकायला बंदी होती. तेव्हा प्रत्येक प्रशिक्षक एकाच निष्कर्षाला पोचला: समोर रेषेत उभ्या खेळाडूंतला थकलेला किंवा हलका गडी हेरायचा आणि तिथेच पुन्हा पुन्हा घुसायचे. चेंडू घेतलेल्या खेळाडूला त्याचेच सोबती मागून रेटत आणि पुढून ओढत. काही संघांत त्याच्या विजारीला धरायला कातडी मुठी शिवलेल्या असत.

कबड्डीत चढाईपटू एकटा येतो. त्याच्याच संघातले सहा जण त्याला पाठीमागून ढकलत मध्यरेषेपलीकडे घुसवू लागले, तर साखळी करून उभ्या असलेल्या कोपरारक्षकाचे काय होईल? १९०५पर्यंतच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये दर मिनिटाला हेच चालत असे. सामना ७० मिनिटांचा. एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे, म्हणून दमलेला, लंगडणारा, डोके बधिर झालेला गडी मैदानातच राहायचा. कातडी शिरस्त्राण ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ते कॉलेजांत सक्तीचे झाले थेट १९३९ साली. ढिगाखाली चाललेली ठोसेबाजी पंचाला दिसत नसे. आणि दोन्ही रेषा एकमेकींना इतक्या भिडून उभ्या असत की चेंडू हलण्याआधीच धक्काबुक्की सुरू होई.

१९०५च्या हंगामात ‘शिकागो ट्रिब्यून’ने १८ मृत्यू आणि १५९ गंभीर दुखापती मोजल्या. काही नोंदींत मृत्यू १९ आहेत. त्यातले कॉलेजचे खेळाडू तीनच, बाकीची बहुतेक शाळकरी आणि गल्लीतल्या मैदानावरची मुले. हा तपशील नेहमी गाळला जातो, आणि प्रशिक्षकांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: मोठ्यांचे डावपेच बघून लहान मुले ते कोणत्याही देखरेखीविना करत होती. हार्वर्डच्या संघाबरोबर काम केलेल्या डॉक्टरांनी त्या हंगामाचा अहवाल लिहिला. त्यात म्हटले आहे की, मेंदूला धक्का बसल्याची एकही घटना घडली नाही असे सामने संपूर्ण हंगामात फक्त दोन.

रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबर १९०५ रोजी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले, हे खरे. परंतु कॉलेजचा खेळ बंद करण्याचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षाला नाही, आणि रूझवेल्ट स्वतः या खेळाचे चाहते होते. त्यांचा मुलगा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता. बैठकीत तिन्ही कॉलेजांनी नियम मनापासून पाळण्याचे आश्वासन दिले. खेळ बदलला तो या आश्वासनाने नव्हे. २५ नोव्हेंबर १९०५ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरॉल्ड मूर डोक्याच्या दुखापतीने गेला, आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅकक्रॅकन यांनी कॉलेजांची परिषद बोलावली. डिसेंबरअखेर ६२ संस्था जमल्या. त्यातून १९०६ साली जी संघटना उभी राहिली, तिलाच, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेला, १९१०पासून एनसीएए म्हणतात. कॅम्प यांच्या जुन्या नियम समितीला नव्या लोकांसोबत बसावे लागले. कोलंबिया विद्यापीठाने तोवर फुटबॉल बंदच केला होता, आणि कॅलिफोर्निया व स्टॅनफर्ड रग्बीकडे वळली.

फॉरवर्ड पास हा समितीचा आवडता उपाय नव्हता. मैदान ४० फुटांनी रुंद करावे, म्हणजे खेळाडू पसरतील, असा एक प्रस्ताव होता. पण हार्वर्डचे काँक्रीटचे स्टेडियम १९०३ साली नुकतेच बांधून झाले होते, आणि त्याच्या बाकांमध्ये ४० फूट जास्तीचे बसत नव्हते. रुंदी वाढवता येत नाही म्हटल्यावर मैदान पसरवायचा दुसरा मार्ग उरला तो हवेतून.

१९०६चे नियम एकेकटे पाहिले तर साधे वाटतात. त्यांची ताकद एकमेकांशी जोडल्यावर कळते. तीन डाउन तेवढेच राहिले, पण अंतर पाचाचे दहा यार्ड झाले. आता एका डाउनला दहा फूट हवेत. ढकलून तीनदा सलग दहा फूट मिळत नाहीत, त्यामुळे सगळे वजन मध्यभागी गोळा करण्याचा फायदाच संपला. दोन्ही रेषांमध्ये चेंडूच्या लांबीएवढा, म्हणजे साधारण ११ इंचांचा, मोकळा पट्टा आला. हा पट्टा छोटा दिसतो, पण चेंडू हलण्याआधी कोण पुढे आला हे पंचाला पहिल्यांदाच दिसू लागले. आडव्या पडलेल्या खेळाडूंवरून उडी मारणे बंद झाले. ठोसा, लाथ किंवा गुडघा मारला की खेळाडू बाद. सामना ७० मिनिटांवरून ६० मिनिटांवर आला, तीस-तीस मिनिटांचे दोन भाग. लाथेने मारलेला चेंडू जमिनीला टेकला की तो मारणाऱ्या संघालाही उचलता येऊ लागला. या शेवटच्या नियमाची आज आठवणही राहिलेली नाही, पण त्या हंगामात बऱ्याच प्रशिक्षकांनी पासपेक्षा या छोट्या लाथेवरच जास्त भरवसा ठेवला.

त्यांना दोष देता येत नाही. पासला परवानगी दिली होती, पण पायात बेड्या घालून. चेंडू जिथून सुरू झाला, त्या जागेच्या डावीकडे किंवा उजवीकडे किमान पाच यार्ड अंतरावरूनच पासने रेषा ओलांडली पाहिजे. फक्त दोन टोकांचे गडी आणि मागच्या फळीतले खेळाडू झेल घेऊ शकत. गोलरेषेपलीकडे गेलेला पास टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेल्याचे गुण, ठरत नसे. आणि कुणाचाही हात न लागता चेंडू जमिनीवर पडला, तर तो सरळ प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात. आजच्या खेळात चुकलेल्या पासचा तोटा एका डाउनचा; १९०६ साली अख्खा चेंडू जात असे. ही पाच यार्डांची अट मोजायला मैदानावर आडव्या रेषांबरोबर उभ्या रेषाही आखलेल्या असत, आणि मैदान बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे. तशीच अट क्वार्टरबॅकच्या, म्हणजे मागच्या फळीत पहिल्यांदा चेंडू घेणाऱ्या खेळाडूच्या, धावण्याला आधीपासून होती, आणि उभ्या रेषा मुळात सुरू झाल्या होत्या त्या त्यासाठी.

आता सेंट लुइस विद्यापीठाचा १९०६चा हंगाम. हा हंगाम लेखातून पूर्ण निसटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी नियम छापून येताच ठरवले की पास ही अडचणीत काढायची युक्ती नव्हे, तो रोज घोटायचा धडा आहे. उन्हाळ्यात त्यांनी संघ विस्कॉन्सिन राज्यातल्या बूला सरोवराकाठी नेला आणि तिथे फेकण्या-झेलण्याचाच सराव करून घेतला. ५ सप्टेंबर १९०६ रोजी वॉकेशा गावात कॅरल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने पहिला कायदेशीर पास फेकला. तो जमिनीवर पडला आणि नियमाप्रमाणे चेंडू कॅरलकडे गेला. पुढे त्याच सामन्यात रॉबिन्सनने जॅक श्नायडरकडे २० यार्डांचा पास फेकला आणि टचडाउन झाले. सेंट लुइस २२–० ने जिंकले. पहिला पास चुकूनही प्रशिक्षकाने तो डाव सोडला नाही. त्या हंगामातला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील हा आहे.

त्या हंगामात सेंट लुइसने अकराच्या अकरा सामने जिंकले. ४०७ गुण केले, ११ दिले. म्हणजे सामन्यामागे बरोबर ३७ केले आणि एक दिला. कॅन्ससला ३४–२ असे हरवले. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी आयोवाला ३९–० असे हरवले, आणि त्या सामन्यात दहापैकी आठ पास पूर्ण झाले. ज्या वर्षी चुकलेला पास म्हणजे गमावलेला चेंडू होता, त्या वर्षी दहापैकी आठ! पूर्वेकडच्या बड्या कॉलेजांशी सेंट लुइसची गाठ पडली नाही, म्हणून पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. इतिहासातून हा संघ पुसट झाला तो एवढ्यामुळेच.

रॉबिन्सनचा चेंडू कसा होता हे सांगितल्याशिवाय त्या आठ पासांचे मोल कळणार नाही. तो आजच्यासारखा टोकदार आणि बारीक नव्हता. पोट सुटलेला, बोथट टोकांचा, रग्बीच्या चेंडूच्या जवळचा होता. आत रबरी ब्लॅडर. त्याची नळी फुगवल्यावर दुमडून दोऱ्याने बांधायची, कातड्याखाली सारायची आणि वरून चामडी वादीने शिवून टाकायची. आपल्याकडे साठी उलटलेल्या वाचकांनी शाळेत असाच लेसचा फुटबॉल फुगवला असेल: नळी नीट दबली नाही की त्या जागी टेंगूळ येते आणि चेंडू हवेत वेडावाकडा जातो. पावसात कातडे पाणी पिते, चेंडू जड आणि निसरडा होतो. एवढा जाड चेंडू मुठीत मावत नाही, म्हणून बहुतेक संघ तो दोन्ही हातांनी ढकलत, किंवा टोकावरून टोक गिरक्या घेत जाईल असा भिरकावत. तसा चेंडू वाऱ्यावर कुठेही वळतो. कोकम्सच्या मुलांनी लेसच्या टोकाशी बोटे रोवली, कारण गुळगुळीत कातड्यावर बोट टिकायला तेवढीच जागा होती. तळहात मोकळा ठेवायचा आणि सोडताना बोटांनी चेंडूला त्याच्या लांबीच्या आसाभोवती फिरवायचे. फिरता भोवरा जसा कलत नाही, तसा फिरता चेंडू टोक न हलवता सरळ जातो.

इतर संघांचा तोच हंगाम शेजारी ठेवून पाहिला तर फरक कळतो. येलने नोव्हेंबरमध्ये हार्वर्डला ६–० असे हरवले ते एका लांब पासच्या बळावर, पण येलसाठी तो एखाद-दुसऱ्या वेळी वापरायचा डाव होता. शिकागोचे प्रशिक्षक एमॉस अलोंझो स्टॅग यांनी पासच्या कितीतरी चाली बसवल्या होत्या. पश्चिमेकडच्या कॉलेजांनी त्या वर्षी स्वतःला पाच सामन्यांची मर्यादा घातली होती, त्यामुळे प्रत्येक सामना मोलाचा होता. मिनेसोटाविरुद्ध पाऊस आला, चिखल झाला, चाली जागच्या जागी राहिल्या, आणि मिनेसोटा ४–२ ने जिंकले. हा गुणफलक आजच्या प्रेक्षकाला चुकीचा वाटेल. तेव्हा फील्ड गोलला, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून घातला की, चार गुण होते, सेफ्टीला, म्हणजे चेंडूधारकाला त्याच्याच गोलरेषेमागे अडवले की, दोन, टचडाउनला पाच आणि त्यानंतरच्या लाथेला एक. फील्ड गोल तीन गुणांचा झाला १९०९ साली, टचडाउन सहा गुणांचे १९१२ साली. जुने निकाल आजच्या हिशेबाने वाचले की टचडाउनची संख्याच चुकते. आपल्या लेखातही एका ठिकाणी तसे झाले आहे.

लेखातली तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे. १९०६च्या नियमांनी मृत्यू थांबले नाहीत. सुरुवातीला कमी झाले, पण १९०९ साली पुन्हा वाढले. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी हार्वर्डविरुद्ध खेळताना वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या युजीन बर्नची मान मोडली. तो टॅकल, म्हणजे रेषेत टोकाच्या गड्याच्या आतल्या बाजूला उभा राहणारा खेळाडू, होता, दमला होता, आणि हार्वर्डच्या खेळाडूंचा जमाव त्याच्याच जागेवर पुन्हा पुन्हा आदळत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. लष्करी अकादमीने उरलेला हंगाम रद्द केला. नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाचा आर्चर ख्रिश्चन जॉर्जटाउनविरुद्धच्या सामन्यानंतर गेला. कारण उघड होते. १९०६ने ढकलण्याचा फायदा कमी केला होता, पण ढकलायला मनाई केली नव्हती. चेंडू घेतलेल्याला मागून रेटता येत होते, हात गुंफून भिंत करता येत होती, आणि दमलेल्या गड्याला बाहेर काढले तर तो परत येऊ शकत नव्हता.

ही राहिलेली दारे १९१०च्या नियमांनी बंद केली. चेंडूधारकाला ढकलणे-ओढणे बंद, हात गुंफणे बंद, हवेत झेपावून केलेली पकड बंद. आक्रमक संघाचे किमान सात जण रेषेवर असलेच पाहिजेत, म्हणजे मागून धाव घेऊन वजन आणायला चारच उरतात. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत, आणि बाहेर गेलेला खेळाडू पुढच्या भागाच्या सुरुवातीला परत येऊ शकतो. ठाण्याच्या वाचकाला यातले मर्म दहीहंडीवरून लगेच कळेल: वरच्या थरावर कितीही चपळ गोविंदा असो, भार जातो तो तळाच्या खांद्यावर. तळाच्या गड्याला ‘सांभाळून रहा’ म्हणून त्याच्या खांद्यावरचे वजन उतरत नाही, थर कमी केल्याने उतरते. पासवरची २० यार्डांची कमाल मर्यादाही १९१० साली आली, ती दोनच वर्षे टिकली. १९१२ साली ती गेली. तेव्हाच चार डाउन आले, मैदान १०० यार्डांचे झाले, आणि त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे पट्टे आले, जिथे झेललेला पास टचडाउन ठरू लागला.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी नोटर डेमने लष्करी अकादमीला ३५–१३ असे हरवले, ते या मोकळ्या झालेल्या मैदानावर. गस डोराइसने १७पैकी १४ पास पूर्ण केले, २४३ यार्ड मिळवले. झेल घेणाऱ्यांत नूट रॉकनी होता. खेळ अप्रतिम होता आणि न्यूयॉर्कच्या पत्रकारांसमोर झाला, म्हणून गाजला. त्याचे श्रेय त्याला जरूर द्यावे. पण सेंट लुइसने त्याच्या सात वर्षे आधी, कितीतरी जाचक नियमांत, हेच केले होते. मधल्या वर्षांत कार्लाइलच्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या शाळेनेही १९०७ साली पेन्सिल्व्हेनियाला २६–६ असे हरवताना पास सर्रास वापरले, तेही विसरता कामा नये. त्या शाळेचा संघ बहुतेक वेळा समोरच्यांपेक्षा हलका असे, आणि वजनाला वेगाने उत्तर देणे त्यांना सर्वांत आधी जमले.

आता प्रदर्शनीय सामन्याबद्दल. तो जरूर व्हावा, पण पकड आणि ढकलणे पूर्ण वगळून. दोन्ही हातांनी कमरेला शिवले की डाउन संपला, एवढाच नियम ठेवावा. १९०५चा ढकलणारा जमाव कसा असे हे दाखवायचेच असेल तर माणसांवर दाखवू नये. एक हातगाडी घ्यावी, तिच्यावर वाळूची पोती ठेवावीत, आधी एकाने ढकलावी, मग सात जणांनी एकत्र. पुढे पंधरा फूट मोकळे आणि शेवटी गाद्या हव्यात. सात जणांनी गाडी किती वेगाने सुटते हे पाहिल्यावर रेषेतल्या गड्याचे काय होत असेल हे प्रेक्षकांना कळेल.

मैदानाची मापे मीटरमध्ये १००.५८ बाय ४८.७७. कोपऱ्याचा काटकोन ३०-४०-५० फुटांच्या दोरीने तपासावा, डोळ्याने धरू नये. शंभर मीटरवर एका अंशाची चूक पावणेदोन मीटर होते. दर पाच यार्डांवर, म्हणजे ४.५७ मीटरवर, आडव्या आणि उभ्या रेषा. फक्की भरपूर लागते, कारण सगळ्या रेषांची लांबी मिळून सव्वादोन किलोमीटरहून जास्त होते. एवढे मैदान मिळाले नाही तर लांबी-रुंदी निम्मी करावी, पण रेषांमधले पाच यार्ड आणि डाउनचे दहा यार्ड निम्मे करू नयेत. ते निम्मे केले की १९०५चाच खेळ परत येतो आणि प्रदर्शनाचा हेतू जातो. दहा यार्ड मोजायला नायलॉनची दोरी वापरू नये, ती ताणली जाते; दोन काठ्यांना बांधलेली ९.१४ मीटरची साखळी हवी. गोलचे खांब तेव्हा गोलरेषेवरच असत, साडेअठरा फुटांच्या अंतरावर, आडवा दांडा दहा फुटांवर. १९२७ साली ते मागे नेले. प्रदर्शनात ते दहा यार्ड मागेच ठेवावेत, त्यांना गाद्या गुंडाळाव्यात, आणि मूळ जागा निवेदकाने तोंडी सांगावी.

चेंडूसाठी रग्बीचा पाच नंबरचा चेंडू चालेल. त्याचा आडवा घेर ५८ ते ६२ सेंटिमीटर असतो, आजच्या अमेरिकन चेंडूचा जेमतेम ५३–५४. आजचा बारीक चेंडू दिला तर मुले पहिल्याच दिवशी ३० यार्ड फेकतील आणि १९०६ची अडचण कुणाला दिसणार नाही. सरावाला किमान दोन आठवडे द्यावेत. आधी दहा यार्डांवरून, दहापैकी सात पास हातात बसले की पंधरा, मग वीस. बहुतेकांच्या चुका ठरलेल्या असतात. तळहात चेंडूला चिकटतो आणि फिरकी मिळत नाही. कोपर खांद्याखाली राहते आणि चेंडूचे नाक वर उठते, मग तो तरंगत जातो आणि झेल घेणाऱ्याच्या मागे पडतो. झेल घेणारा छातीवर घेतो आणि जाड चेंडू उसळून बाहेर जातो. हात पुढे करून बोटांनी घ्यायला शिकवावे.

सामन्याचे तीन भाग करावेत, दहा-दहा मिनिटांचे. पहिला १९०५च्या हिशेबाने: तीन डाउन, पाच यार्ड, पास नाही. दुसरा १९०६च्या: तीन डाउन, दहा यार्ड, उभ्या रेषांच्या अटीसह पास, आणि चुकला की चेंडू समोरच्याला. तिसरा १९१२च्या: चार डाउन, पासला मोकळीक. खेळाडू तेच ठेवावेत. पहिल्या भागात ते मध्यभागी कसे गोळा होतात आणि तिसऱ्यात मैदानभर कसे पसरतात, हे गॅलरीतून फोटो काढून शेजारी शेजारी लावावे. डोक्याला लागले तर खेळाडूला त्या दिवशी परत उतरवू नये, तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. रुग्णवाहिका मैदानाच्या फाटकाशीच उभी असावी.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली सकाळची धरावी. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत हंगाम सुरू होतो म्हणून इथेही तेव्हाच घ्यायचा मोह होईल, पण आपल्याकडे तेव्हा मैदानात पाणी असते, फक्की टिकत नाही, आणि मिनेसोटाच्या सामन्यासारखी गत होते.

एक गोष्ट ताजी आहे म्हणून कळवतो. १९१० साली बंद झालेले मागून ढकलणे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये २००६पासून पुन्हा चालू आहे. मे २०२५ मध्ये ते थांबवण्याचा प्रस्ताव आला, त्याला २४ मते हवी होती आणि २२ मिळाली. ऑलिंपिकच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये मात्र शरीराला धक्काच नाही: प्रत्येकी पाच खेळाडू, ५० बाय २५ यार्डांचे मैदान, दोन्ही टोकांना दहा यार्डांचे पट्टे, आणि कमरेचा झेंडा ओढला की डाउन संपला. टोकाच्या पट्ट्यांसह ही जागा साडेचौदा गुंठ्यांच्या आसपास होते. ठाणे–नवी मुंबईत टर्फ भाड्याने घेणाऱ्यांनी आधी टेप लावून मोजावे, कारण लांबी पुरली तरी रुंदी कमी पडण्याची शक्यता जास्त.

लेखातली तीन विधाने दुरुस्त करून छापावीत, ही विनंती. सोबत मैदानाची आकृती देणार असाल तर ती ११० यार्डांची आणि उभ्या-आडव्या रेषांची द्यावी. मागच्या रविवारी छापलेली १०० यार्डांची आकृती १९१२ नंतरची आहे.

आपले,
दोन निवृत्त क्रीडाशिक्षक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)